रुसलेली गाडी

काका कुठल्याही गाडीशी ओळख करून घेत ती मागच्या बाजूने. विकणारा माणूस मोठ्या उत्साहाने बॉनेट उघडून उभा राही, आणि काका त्याला सभ्यपणे मान लववून सरळ मागचं दार उघडत, मागच्या सीटवर जाऊन बसत आणि डोळे मिटत. किती वेळ, याला माप नव्हतं. एकदा ते तिथे चक्क झोपले होते असं आमच्या ओळखीतले एक जण शपथेवर सांगतात. डोळे उघडले की मग सीटच्या फटीत बोटं घालून काय काय निघतं ते बघायचं. बिस्किटाचा चुरा, कुत्र्याचे केस, लहान मुलाचा एकच मोजा, वाळलेलं संत्र्याचं साल.

"पुढे बसणारा माणूस खोटं बोलतो, वहिनी," पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले. "आरशात बघून तोंड नीट करून बसतो. मागच्या सीटवर मात्र घरातलं सगळं खरं सांडलेलं असतं."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हा माणूस वेडा आहे. त्या काळी मी फार लवकर मतं बनवायची. पंचावन्नची होते, पुण्याहून नुकतीच हॉलंडात आले होते, आणि जगातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. त्या बाईशी माझा आता फारसा संबंध उरलेला नाही. गुडघे तेवढे तिचे आहेत.

आम्ही राहायचो त्या आल्मेरेपासून युट्रेख्टपर्यंत कुठल्याही मराठी घरात जुनी, छोटी गाडी घ्यायची ठरली की काकांना फोन जायचा. जुनी आणि छोटी, दोन्ही अटी महत्त्वाच्या. नवी गाडी घेणाऱ्यांशी ते गाडीविषयी बोलतच नसत. "त्यांचं काय, दुकानातून मिक्सर आणावा तसं आहे ते." मोठी गाडी घेणाऱ्यांबद्दल तर त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

काका मूळचे मिरजेचे. दुधाची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला म्हणून सत्तरच्या दशकात इथे आले आणि इथलेच झाले. डच अस्खलित बोलायचे, पण मिरजेच्या चालीवर. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, कृष्णाकाठी कोणी बाजारभाव सांगतंय. मांस-मासे जन्मात खाल्ले नाहीत असं सांगायचे आणि शनिवारच्या बाजारात मासेवाल्याच्या ठेल्यापाशी उभे राहून, मान मागे टाकून, शेपटीला धरून अख्खी हेरिंग तोंडात सोडायचे. मी एकदा डोळे विस्फारून बघितलं तर म्हणाले, "हा मासा नव्हे, वहिनी. मिठात मुरलेला आहे, वर कांदा आहे. म्हणजे लोणचंच."

मी त्यांना काका म्हणायची आणि ते मला वहिनी. या नात्याचा हिशोब कुणी लावायला गेलं नाही.

त्यांची स्वतःची गाडी पंचवीस वर्षांची होती. तिच्यातला रेडिओ त्यांनी काढून टाकला होता आणि त्या खोबणीत अडकित्ता आणि सुपारी ठेवली होती. कितीही थंडी असो, खिडकी उघडी. इंजिन काय म्हणतंय ते ऐकू आलं पाहिजे ना! कुणी दार जोरात लावलं की ते कळवळून म्हणायचे, "हळू हो. हृदयरोगी आहे ती."

त्यांचा शब्द चुकत नसे अशातला भाग नाही. एका नवविवाहित जोडप्याला त्यांनी पसंत करून दिलेली गाडी घरी पोचायच्या आत बंद पडली. भर थंडीत रस्त्याच्या कडेला उभं राहून त्या मुलाने फोन केला. काका शांतपणे म्हणाले, "मी स्वभाव बघतो रे. आयुष्यरेषा बघत नाही."

तर अशा माणसाच्या हाती आम्ही आमचं गाडीप्रकरण सोपवलं.

गाडी हवी होती ती मला. माझी लेक वाखनिंगनला शेतकी विद्यापीठात बियाण्यांवर काम करायची. तिला दिवस गेले होते, सातवा संपत आला होता. जावई कामानिमित्त महिन्यातून दोनदा स्पेनला टोमॅटोंच्या पाहणीला. आल्मेरेहून तिच्या घरी जायचं म्हणजे एक ट्रेन, मग दुसरी ट्रेन, मग बस. एरवी मी ते हसत केलं असतं. पण मला डिंक न्यायचा होता, हळीव न्यायचे होते, ओवा, बाळंतशेपा, धुरीची शेगडी, बाळाला न्हाऊ घालायचा पाट आणि माझ्या आईची पितळी परात. ती परात घेऊन मी फलाटावर उभी आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणून लेक फोनवर हसत सुटायची.

"आई, इथे बाळंतपणानंतर आठवडाभर घरी बाई येते. रीतच आहे इथली. ती सगळं बघते."

"ती तुला डिंकाचा लाडू देणार आहे का?"

"ती मला टोस्ट देणार आहे, बडीशेपेच्या साखरगोळ्या लावून."

"बघ. बडीशेपेपर्यंत तरी पोचलेत बिचारे. पुढचं मी बघते."

आता प्रश्न एवढाच होता की गाडी चालवणार कोण. आमच्या यांना चालवता येत नव्हतं; आयुष्यभर स्कूटर आणि इथे आल्यावर सायकल. मला मात्र चालवता येते असा घरात समज होता. तो समज कुणी पसरवला? मीच. पुण्यात मी लायसन्स काढलं तेव्हा परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मला समोरच्या गुलमोहरापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं होतं. गुलमोहरापर्यंत मी गेले. परत त्यांनीच आणली. त्यानंतर दिरांची गाडी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा सोसायटीच्या आवारात फिरवली. आणि हॉलंडात आल्यावर यांच्या नोकरीबरोबर ज्या सवलती आल्या त्यांत एक अशी होती की कुटुंबातल्या माणसाला भारतातलं लायसन्स देऊन परीक्षेशिवाय इथलं लायसन्स मिळे. मिळालं! गुलाबी रंगाचं, फोटोसकट. मी ते भिशीच्या बायकांना दाखवलं. "वीस वर्षांचा अनुभव आहे," असंही म्हटलं. लायसन्सला वीस वर्षं झाली होती, हे खोटं नव्हतं.

पहिली गाडी बघायला आम्ही तिघं गेलो: काका, हे आणि मी. मी नारायणपेठ नेसले होते. हातात चिवड्याचा डबा. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वहिनी, आपण गाडी बघायला चाललोय. गाडी आपल्याला बघणार नाहीये."

"पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं तर नीट जावं, काका."

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि डबा उघडून चिवडा चाखायला लागले.

घर एका बांधावर होतं. इकडे असे बांध पुष्कळ; वर एक गाडी जेमतेम मावेल असा रस्ता, एका बाजूला खाली कुरणं, दुसऱ्या बाजूला पाणी. गाडीची मालकीण ऐंशीच्या पुढची, ताठ, करड्या केसांची डच बाई. नजर कमी झाली म्हणून चालवणं सोडलं होतं. गाडी लहानशी, फिकट निळी, वयाने माझ्या लेकीच्या लग्नापेक्षा बरीच मोठी. काका रिवाजाप्रमाणे मागे जाऊन बसले, डोळे मिटले, फटीतून एक बदकाचं पीस काढलं, समाधानाने खिशात ठेवलं. मग पुढे येऊन माझ्या शेजारी बसले. हे बाहेर त्या बाईंशी आपलं नवं डच पाजळत उभे होते.

"चला वहिनी. जरा पुढेपर्यंत."

मी गाडी सुरू केली. क्लच दाबला. आणि पुण्याच्या सवयीने डाव्या हाताने ऐटीत पहिला गिअर टाकला.

शेजारची काच अर्धी खाली आली.

इकडे चालक डावीकडे बसतो, तेव्हा गिअर उजव्या हाताला. हे मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. डाव्या हाताला दार होतं, आणि जुन्या गाडीच्या दाराला काच खालीवर करायचा दांडा. मी तो दांडा पुन्हा जोर लावून फिरवला. काच पूर्ण खाली गेली. वाऱ्याचा थंड झोत आला, मी क्लच सोडला, गाडीने एक उचकी दिली आणि ती बंद पडली.

काका समोर बघत होते. त्यांच्या तोंडातली सुपारी कडकन फुटली, तेवढाच आवाज.

"नको वहिनी," ते म्हणाले. "ही रुसलेली दिसते. उतरा."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! खोट गाडीत निघाली, माझ्यात नाही. मी तोऱ्यात उतरले. यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काका म्हणतात रुसलेली आहे. मलाही गिअर जरा घट्टच वाटला." तिकडे काका दारात उभे राहून त्या बाईंना नकार कळवत होते. नकार कळवायला इतका वेळ का लागावा, हे मला कळेना. त्या बाई मान डोलावत होत्या आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. चिवड्याचा डबा काका त्यांच्याकडेच विसरून आले.

पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी. ही आल्मेरेतल्याच एका दुकानात होती. या वेळी हे आले नाहीत. त्यांना एका नकाराने पुरलं होतं. काकांनी दुकानदाराला कचेरीतच बसवलं आणि आम्ही दोघं निघालो. निघण्याआधी त्यांनी माझ्या डाव्या हातात एक अख्खी सुपारी दिली. "सांभाळा जरा. माझ्या खिशाला भोक आहे." सुपारी मुठीत, मूठ स्टिअरिंगवर. डाव्या हाताला दुसरं काही धरताच येईना. उजवा हात बिचारा आपोआप कामाला लागला. खिशाला भोक असलेला माणूस सुपारी खोबणीत का ठेवत नाही, हा प्रश्न त्या शहाण्या बाईला पडला नाही.

दुकानासमोरच एक गोल चौक होता. काका म्हणाले, "इथून उजवीकडे." मी वळणार तेवढ्यात, "नाही नाही, पुढचा. थांबा, तोही नव्हे. आठवत नाहीये. तुम्ही फिरत राहा." मी फिरत राहिले. प्रत्येक फेरीला बाहेरच्या कडेने सायकली यायच्या, त्यांना आधी जाऊ द्यायचं, मग गिअर, मग पुन्हा फेरी. आपल्या गाडीची प्रदक्षिणा चालली आहे हे दुकानदार काचेतून बघत होता. शेवटी तो बाहेर येऊन उभा राहिला.

"घेऊ या का ही?" मी धापा टाकत विचारलं.

काकांनी नाक वर करून वास घेतला. "सेंट मारलंय. सेंट मारतात म्हणजे आत काहीतरी मेलेलं असतं. नको."

तिसरी युट्रेख्टला, एका विद्यार्थिनीची. तिथले कालव्याकाठचे रस्ते आणि सायकलींचा तो महापूर! पुढून सायकली, बाजूने सायकली, एकीच्या हँडलला मांजराची टोपली. ती मुलगी मागे बसली होती. मी मुंगीच्या पावलांनी गाडी नेत होते, प्रत्येकाला हात करून आधी जा म्हणत होते. मुलीने काकांना डचमध्ये हळूच काहीतरी विचारलं, काकांनी उत्तर दिलं आणि ती माझ्याकडे आदराने बघायला लागली.

"काय विचारलं तिने?"

"विचारत होती, या बाई पहिल्यांदाच चालवतायत का. मी म्हटलं, छे, फार धार्मिक आहेत. प्रत्येक जिवाला वाट देतात."

ती गाडी मला आवडली होती. आतून स्वच्छ होती, आणि लेकीला आठवा लागला होता. पण काकांनी हॉर्न वाजवून बघितला आणि चेहरा पाडला. "फार मवाळ आहे. या गाडीला कुणी घाबरणार नाही." त्या शहरात अर्धा दिवस घालवून आम्ही हात हलवत परत आलो.

घरी हे उखडले. "तुमचे काका गाडी घेऊन देणार आहेत, की देशभर गाड्यांची निंदा करत हिंडणार आहेत? बाळ गाडीसाठी थांबणार नाहीये!"

"बारकाईने बघतात ते."

"बारशाला तरी मिळेल का?"

मी त्यांना धीर देत होते, पण रात्री माझीच झोप उडायची. जावयाची पुढची स्पेनवारी ऐन नवव्याच्या तोंडावर होती. वेळ आली आणि लेक एकटी असली तर? मी परात घेऊन फलाटावर उभी, ट्रेन रद्द, असं स्वप्न पडायचं. शेवटी मी काकांना फोन केला आणि आवाज चढवून म्हटलं, "काका, आता जी मिळेल ती घेऊ. मला गाडीशी संसार करायचा नाहीये, लेकीकडे पोचायचंय."

पलीकडे सुपारी कातरल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "उद्या एक बघू. हिचा पाचवा गिअर मला ऐकायचाय."

पाचवा गिअर ऐकायचा म्हणजे हायवेवर जायला हवं. गाडी होती एका शाळामास्तरांची. चढणीच्या रस्त्याने हायवेला मिळताना उजवीकडे मी, डावीकडे बोगीसारखा लांब ट्रक, आणि दोघांनाही एकच जागा हवी. काकांनी दारावरची कडी घट्ट धरली होती. प्रत्येक वेळी धरायचे, आणि तोंडाने मात्र निवांत सुपारी चघळल्यासारखं करायचे. "दाबा वहिनी," ते म्हणाले. "थांबलात तर तो बिचारा गोंधळेल. दाबा!" मी दाबलं. ट्रक मागे गेला. पुढे पुलावर वारा असा होता की गाडी पतंगासारखी ओढ घेत होती. मी तिला धरून ठेवली. डाव्या हातात सुपारी नव्हती आणि तरी तो स्टिअरिंगवरच होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. काकांच्या आलं असावं. त्यांनी कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मग? घ्यायची?" परतल्यावर मी विचारलं.

"छे. हिला लांब जायला आवडतं, परत यायला आवडत नाही. पण तुमची गाडी मिळालीय मला. उद्या नारायणपेठ नेसा."

दुसऱ्या दिवशी काका वळणं घेत घेत जिथे थांबले तो बांध, ते घर, ती निळी गाडी. मी बघतच राहिले.

"काका, ही तर तीच!"

"हो."

"रुसलेली!"

"गेला असेल रुसवा. बसून तर बघा."

त्या डच बाई माझा चिवड्याचा डबा धुऊन, पुसून हातात घेऊनच उभ्या होत्या. त्यांनी डबा मला दिला आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांचं म्हणणं असं की गाडी त्यांच्या अंगणातून मागे मागे घेत बांधावर काढायची, वळवायची आणि चर्चपर्यंत नेऊन आणायची. मागे घ्यायची! एका अंगाला पाणी, तिथे बदकं बसलेली. मी मान वळवली, आरसा बघितला, उजव्या हाताने रिव्हर्स टाकला. काच जागेवर होती. गाडी हळूहळू मागे आली, बदकांनी हलायचीसुद्धा तसदी घेतली नाही. चर्चपाशी वळवून मी ती पुन्हा अंगणात आणून उभी केली, हँडब्रेक ओढला आणि मगच श्वास सोडला.

बाई मागून बोलायला लागल्या. मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत.

"दोन माणसं येऊन गेली. मी त्यांना सांगितलं, हिचं ठरलंय. तुमचे काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, गाडी उत्तम आहे, ठेवून द्या. ही बाई परत येईल. हाताला जरा वेळ लागेल, एवढंच."

मी काकांकडे बघितलं. काका बदकांकडे बघत होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी माझा सगळा राग निमूट ऐकून घेतला. दुकानदाराला काय वाटलं असेल, त्या मास्तरांचं पेट्रोल, युट्रेख्टच्या पोरीचा अर्धा दिवस! आणि मला तोंडावर सांगायला काय झालं होतं? की वहिनी, तुम्हाला येत नाही?

"माझ्या बायकोला सांगितलं होतं," काका म्हणाले. त्यांची बायको इथलीच होती, आम्ही येण्याआधी वारलेली. तिच्याविषयी ते सहसा बोलत नसत. "लग्नाच्या वर्षी. म्हटलं, तुला येत नाही, मी शिकवतो. तिसऱ्या दिवशी तिने गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली, किल्ली माझ्या हातात दिली आणि बसने घरी गेली. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. फार हौस होती तिला." सिग्नलला गाडी थांबली तशी त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली. "तेव्हापासून मी कुणाला शिकवत नाही. गाड्या बघायला नेतो."

"म्हणजे आमच्या आधीही—"

"अर्ध्या आल्मेरेने माझ्याबरोबर गाड्या बघितल्यात, वहिनी."

गाडी दारात आली त्या दिवशी मी पूजा मांडली. हळदकुंकू, नारळ, आणि चाकांखाली ठेवायला सुपरमार्केटातून जाळीतली लिंबं. काकांनी एकच लिंबू काढून पुढच्या चाकाखाली ठेवलं.

"चार हवीत ना?"

"बाकीची तिन्ही चाकं पहिल्याचं बघून शिकतील." उरलेल्या लिंबांचं आम्ही सरबत केलं.

आता लेकीकडे पहिल्या फेरीला शेजारी काका बसणार, असं ठरलं होतं. त्या भरवशावर मी निश्चिंत होते. पाट, परात, शेगडी डिकीत आधीच भरून ठेवली होती. आणि सांगितलेल्या तारखेच्या बरंच आधी, एका शनिवारी सकाळी, लेकीचा फोन आला.

"आई, सुरू झालंय. सुईण निघालीय. हा तिकडे विमान शोधतोय." मग आवाज एकदम लहान झाला. "तू ये ना."

हे त्यांच्या ऑफिसच्या सहलीला बेल्जियमला गेलेले. मी काकांना फोन लावला. "काका, निघायचंय. आत्ता."

"निघा की."

"तुम्ही येताय ना शेजारी?"

"आज कसं जमेल? आज शनिवार. हेरिंगवाला येतो."

"काका!"

"आणि डिंकाचे लाडू सगळे तिला खायला घालू नका. दोन माझे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी त्या माणसाला जे काही बोलले ते फोन ठेवल्यावर बोलले, हे बरं झालं. त्या तिरिमिरीतच लाडवांचा डबा मागच्या सीटवर ठेवला, गाडी सुरू केली आणि निघाले. पुलावर वारा होता. हायवेला मिळताना शेजारी ट्रकही होता, मी दाबलं. रिकाम्या शेजारच्या सीटला एक-दोनदा मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "बघा, काका, बघा!" वाखनिंगनच्या वेशीवर एक सायकलवाली फोनवर बोलत सरळ आडवी आली. मी करकचून ब्रेक मारला, तिने हात केला, मी हॉर्न दिला. तोही फार मवाळ निघाला.

लेकीने माझा हात धरला तेव्हा तो अजून थरथरत होता. तिला वाटलं, तिच्या काळजीने. मी ते तसंच राहू दिलं. दुपार कलायच्या आत नात झाली. सुईणीने विचारलं, आजी कशा आल्या? लेक म्हणाली, "गाडीने. स्वतः." इतक्या कळांनंतर, इतक्या दमणुकीत, ते 'स्वतः' तिने ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी अजून जपून ठेवला आहे.

ती नात आता मी मराठीत रागावले की डचमध्ये उत्तर देते. काका आता नाहीत. निळी गाडीही नाही. पण त्या रविवारी सगळे होते.

रविवारी काका आपल्या हृदयरोगी गाडीला विश्रांती देऊन दोन ट्रेन बदलून, बसने आले. बाळाच्या मुठीत बोट दिलं, टोस्टावरच्या गुलाबी बडीशेपा आवडीने खाल्ल्या, लाडू दोनाचे तीन केले. जायची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, चला, स्टेशनवर सोडते. गाडीपाशी येऊन त्यांनी सवयीने मागचं दार उघडलं, आत बसले आणि डोळे मिटले. मी बाहेर उभी. इतकी घाबरले तर मी हायवेवरही नव्हते.

त्यांनी सीटच्या फटीत बोटं घातली. चिमूटभर चुरा निघाला. हुंगला, मग तोंडात टाकला.

"डिंकाचा लाडू," ते म्हणाले. "डबा सीटवरून खाली आला होता. ब्रेक जोरात मारलात, वहिनी."

"सायकलवाली आडवी आली. फोनवर बोलत."

"मग मारायलाच हवा होता."

ते उतरले आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसले. मी गाडी काढली. पहिल्या वळणावर माझं लक्ष दारावरच्या कडीकडे गेलं. ती मोकळीच हलत होती. चौकात मी थांबले, सायकलींना जाऊ दिलं, आणि काकांना काहीतरी सांगायला वळून बघितलं. त्यांची मान खिडकीला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं. इंजिन ऐकायला म्हणून जन्मभर उघडी ठेवलेली काच त्यांनी वर केली होती, आणि स्टेशन येईपर्यंत ते शांतपणे घोरत होते.